कच्ची वाटी
बाळांनो, शाळेत केलेली मातीची वाटी मोडली म्हणून धाकटी दोन दिवस जेवली नाही, असं काल फोनवर कळलं, म्हणून हे लिहिते. देवळीला आमच्या मागच्या अंगणाला लागून कुंभाराचं घर होतं. चाकाला बायकांनी हात लावायचा नाही, असा त्यांचा रिवाज. म्हणून कुंभारीण मावशी लहान वाट्या हातानंच घडवायची. तिच्याशेजारी बसून, अंगठा दाबत दाबत मीही एक केली. "भट्टी लागेपर्यंत थांबजो," ती म्हणाली. पण शाळेत प्रदर्शन होतं, म्हणून उन्हात वाळलेली वाटी मी तशीच नेली. गुरुजींनी कौतुकानं तिच्यात पाणी ओतलं, आणि बघता बघता टेबलावर चिखल झाला. सगळा वर्ग हसला. तो चिखल परकराच्या ओच्यात घेऊन मी रडत मावशीकडे आले. "लय घाई होती न बाईले!" ती हसली. मग म्हणाली, "आता काऊन रडून राह्यली वो? कच्ची मोडली तं माती आपलीच राह्यते. भाजलेली फुटली असती तं खापरच उरलं असतं." तिनं तोच चिखल मळून माझ्या हातात ठेवला. त्याच मातीची दुसरी वाटी मग भट्टीतून निघाली. एका बाजूला कललेली ती वाटी अजून माझ्या टेबलावर आहे, आणि शिवणाची बटणं तिच्यातच असतात.