चष्म्याचं घर

घरात तिला सगळे ‘डॉक्टरीणबाई’ म्हणत, पदवीचा पत्ता नव्हता तेव्हापासून. बाई मूळची नाटकातली. पुढे वैद्यकीय महाविद्यालयात खोटी रुग्ण, खोटी नातेवाईक व्हायचं काम मिळालं. शिकाऊ डॉक्टरांनी हिला वाईट बातमी सांगायची आणि हिने ती दरवेळी पहिल्यांदाच ऐकायची. त्यावरच तिने पीएचडी धरली. आपला अभिनय टिपून संगणकात एक बाई उभी करायची, म्हणजे मुलांना हवा तेव्हा सराव करता येईल. नाटक, यंत्र आणि वैद्यकी, तीन विभागांची ती पाहुणी. पान मात्र एकाही घरी वाढलेलं नाही, असं ती हसून म्हणे.

पानाचं वहिनी बघायची. भाऊ गेल्यापासून दोघी एकत्रच राहत. “वन्सं, डबा राहिला! शास्त्रज्ञ कसल्या तुम्ही!” असं ओरडत वहिनी जिन्यापर्यंत यायची.

भाऊ गेला तेव्हा दवाखान्याच्या व्हरांड्यात डॉक्टरने उभ्याउभ्याच सांगितलं होतं. वहिनी रडली नाही. पिशवीतून चष्म्याचं घर काढून म्हणाली, “अहो, पण त्यांचा चष्मा माझ्याकडेच राहिलाय. दिसणार कसं त्यांना?” ही शेजारीच उभी. सख्खा भाऊ गेलेला, डोळ्यांना धार लागलेली. आणि तेव्हाही हिच्यातली नटी वहिनीचा हात पिशवीकडे कसा वळला, ते बघून ठेवत होती.

संगणकासाठी चित्रीकरण झालं तेव्हा तोच हात, तेच वाक्य आलं. आलं की आणलं, देव जाणे. मार्गदर्शक बाई म्हणाल्या, “हाच तुझ्या प्रबंधाचा प्राण!” त्या दिवसापासून वहिनीच्या डब्यातला घास तोंडात फिरू लागला. खाई त्याला खवखवे. देवापुढे हात जोडले तरी डोळ्यांसमोर ते चष्म्याचं घरच.

प्रबंध द्यायची वेळ आली तशी वहिनी म्हणाली, “सगळ्यांना दाखवणार आहात ना? मीही येते बघायला.” चारचौघांत कळण्यापेक्षा आधी सांगावं म्हणून एका दुपारी तिने वहिनीला रिकाम्या प्रयोगशाळेत नेलं.

“वहिनी, मी तुझं काहीतरी घेतलंय गं.”

“निळी शाल ना? ठाऊक आहे मला.”

“शाल नाही.”

तिने एका विद्यार्थ्याच्या सरावाचं चित्रण लावलं. मुलगा खुर्ची ओढून संगणकातल्या बाईसमोर बसला, हळू आवाजात बोलला. बाईने पिशवीतून चष्म्याचं घर काढलं. वाक्य पुरं व्हायच्या आत वहिनीने स्वतःच्या पिशवीचा बंद मुठीत धरला.

तो बंद न सोडताच ती म्हणाली, “हा बसला बघा. आपला डॉक्टर उभाच होता.”

“त्यासाठीच तर केलं सगळं. आता तू म्हणशील तसं. ठेवू का काढू?”

“ते माझ्यावर ढकलू नकोस.” इतक्या वर्षांत वहिनी तिला पहिल्यांदाच अगं-तुगं करत होती. “घेताना विचारलं होतंस?”

तिने तो प्रसंग काढून टाकला. “वेड लागलंय का? सगळं पुन्हा करावं लागेल!” मार्गदर्शक बाई कडाडल्या. “करते,” एवढंच ती म्हणाली. वहिनी डबा देत राहिली, पण ओट्यावर ठेवून आत जायची. जिन्यापर्यंत यायचं बंद झालं.

आणि आज वर्गात एक शिकाऊ डॉक्टरीण खुर्ची ओढून तिच्यासमोर बसली. “मला तुम्हाला एक वाईट बातमी सांगायची आहे,” म्हणाली. यंत्रातून काढलं ते अंगातून कुठं गेलं होतं? तिचा हात आपणहून पिशवीत शिरला. आत वहिनीचा डबा होता, अजून कोमट. तिने तो घट्ट धरला आणि हात बाहेर काढलाच नाही. मुलगी तिच्या वाक्याची वाट बघत राहिली.