खोट नसलेलं इंजिन

अंबादास खरातबरोबर कुर्ल्याच्या भंगारबाजारात जायचं म्हणजे माझ्या रविवारची वाट लागणार, हे ठरलेलंच. असे किती रविवार गेले ते मी मोजले नाहीत. मोजले असते तर आमची दोस्ती टिकली नसती. दिवाळीपासून आम्ही त्याच्या जीपसाठी जुनं डिझेल इंजिन शोधत होतो आणि मे महिना लागला तरी शोधतच होतो.

मी साकीनाक्याच्या एका कारखान्यात टर्नर. मला लोखंडातलं थोडंफार कळतं आणि मरोळला आमच्या खोल्यांमध्ये एकच भिंत, म्हणून तो मला बरोबर न्यायचा. माझं मत त्यानं एकदाही मानलं नाही, ती गोष्ट वेगळी.

त्याची जीप लष्कराच्या लिलावातली, पेट्रोलवर चालणारी. आरे कॉलनीच्या मागच्या अंगाला पाणथळ जमिनीत गुरांसाठी गवत पिकायचं. ते कापून घ्यायचं, जीपमागच्या ट्रॉलीत भरायचं आणि गोठ्यांवर पोचवायचं, हा त्याचा धंदा. तिथल्या चिखलात ट्रक शिरला की रुतलाच. अंबादास मात्र चारही चाकांना जोर देणारा दांडा ओढायचा आणि जीप घसरत, गुरगुरत का होईना, बाहेर यायची. त्याचा बाप खंडू जालन्याकडून आला होता आणि याच गवतात कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून त्यानं जन्मभर विळा चालवला. पायांची कातडी कुजली, पण ‘दमलो’ असं म्हातारा कधी म्हणाला नाही. हे अंबादास अभिमानानं सांगायचा. मला त्यात अभिमानासारखं काही दिसत नसे, पण कोणाच्या बापावरून वाद घालू नये, म्हणून मी गप्प बसायचो.

जीप आली आणि खरातांच्या घरातला विळा सुटला. आरेतल्या पाड्यावरची माणसं त्याला ‘जीपवाले’ म्हणायला लागली. अडलेली बाळंतीण असो, साप चावलेला असो, हाक यालाच. तो कोणाला नाही म्हणाल्याचं मला आठवत नाही. क्लच दाबून दाबून त्याचा डावा गुडघा कामातून गेला होता, पन्नाशी उलटली होती, तरी पहाटे गवतावर हजर.

आता गाडीही थकली. जुनं इंजिन पेट्रोलबरोबर ऑइलही प्यायला लागलं, मागून निळा धूर निघायचा आणि भरलेली ट्रॉली घेऊन चढावर तिचा जीव जायचा. पावसाळ्याआधी डिझेल इंजिन बसवलं नाही तर काम दुसऱ्याला देऊ, असं गोठेवाल्यांनी तोंडावर सांगितलं होतं. अंबादासची बायको द्रौपदीवहिनी म्युनिसिपालिटीच्या शाळेत शिपाई. तिनं भिशी उचलून पैसे तयार ठेवले. म्हणजे पैशाची अडचण नव्हती, इंजिन बसवून देणारा मिस्त्रीही तयार होता. अडचण एकच, हा अंबादास.

कुर्ल्याला रस्त्याच्या दोन्ही बाजूंना इंजिनं मांडलेली असायची आणि पायाखालची माती ऑइलनं काळी झालेली. अंबादास गुडघा सांभाळत एकेका दुकानापुढे थांबायचा. मुलगी बघायला गेल्यासारखा आधी लांबून बघायचा, मग जवळ जायचा. ऑइलची पट्टी काढून बोटावर घासायची, वास घ्यायचा. पुलीला हात घालून ती मागेपुढे हलते का बघायचं, हलली तर इंजिन आतून झिजलेलं. खाली गोणपाट टाकून आडवं व्हायचं आणि चेंबर, म्हणजे इंजिनाच्या पोटाखालची ऑइलची टाकी, कुठल्या बाजूला आहे ते बघायचं. जीपच्या पुढच्या चाकांचा आस नेमका तिथूनच जातो, त्यामुळे चेंबर पुढच्या बाजूला असलं तर इंजिन बसतच नाही.

पहिलं इंजिन त्यानं नाकारलं, कारण ऑइल दुधाळ झालं होतं. आत पाणी शिरत होतं, बरोबर आहे. दुसऱ्याची पुली हलत होती, तेही मान्य. तिसऱ्याचं चेंबर आडवं येत होतं. चौथ्याच्या नटांवर पान्याच्या खुणा होत्या, म्हणजे कोणीतरी उघडलेलं. पुढे पुढे कारणं पातळ होत गेली. एकाचा रंग नवा वाटला. एकाचा आवाज आवडला नाही.

“मेल्या, तुका इंजिन व्हया की सून व्हयी?” एके दिवशी मी भर बाजारात ओरडलो. डोकं फिरलं की माझी मालवणी बाहेर येते.

“घाई करून कसं चालंल, जयवंता?” तो म्हणाला. “चिखलात बंद पडलं तर तू येणारेस का ढकलायला?”

आम्ही चहा प्यायलो. हल्ली तो दुकानांपेक्षा चहाच्या बाकड्यावरच जास्त वेळ बसायचा. कप रिकामा झाला तरी उठायचा नाही, समोरच्या गंजलेल्या बॉडीकडे बघत राहायचा. मला वाटायचं, ऊन लागतंय बिचाऱ्याला.

शेवटी द्रौपदीवहिनीच चिडली. मेमधल्या एका रविवारी ती चपला घालूनच दारात उभी राहिली. “भावजी, आज मी येते. इंजिन घेतल्याबिगर हे घरी येत नाय आणि मी पण नाय.” मला मनातून हायसं वाटलं. म्हटलं, आता हा सुटत नाही.

कुर्ल्याचा इंजिनवाला उस्मानभाई आम्हाला ओळखून होता. आमच्या इतक्या फेऱ्या बघून तोही कंटाळला होता. “अंबादासभाई, तुम्हारे वास्ते रखा है,” म्हणत त्यानं ताडपत्री बाजूला केली. एका ठोकलेल्या टेम्पोतलं इंजिन होतं, फार न चाललेलं. त्यानं बॅटरी जोडली, डिझेलचा डबा टांगला आणि चालू करून दाखवलं. पहिल्या झटक्यात सुरू. ठोका नाही, धूर नाही. मी टर्नर माणूस, मला तो आवाज ऐकूनच बरं वाटलं.

अंबादास इंजिनाभोवती फिरला. ऑइल बघितलं, पुली हलवून बघितली. वरचं ऑइलचं झाकण काढून तिथे तळहात धरला, आतून हवेचा दाब येत नव्हता, म्हणजे इंजिन धडधाकट. मग गोणपाट टाकून आडवा झाला. चेंबर मागच्या बाजूला होतं, जीपसाठी हवं तसंच. तो बराच वेळ खालीच पडून राहिला. वर आला, पुन्हा फिरला, पुन्हा पुलीला हात घातला. मग त्यानं उस्मानभाईला इंजिन बंद करायला सांगितलं आणि शेजारच्या टायरवर बसून चिंधीनं हात पुसत राहिला. हात कधीच स्वच्छ झाले होते.

“झकास!” मी म्हणालो. “चला, मी टेम्पो बघतो.”

“यात काय खोट नाय रे,” अंबादास म्हणाला.

घरात कोणी गेल्याची बातमी सांगावी तसा त्याचा आवाज आला. मी चांगलाच तापलो. “मग रडतोस कसला? घे ना!”

तो खरंच रडत होता. आवाज नव्हता, पण डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसायचंही त्याला सुचत नव्हतं. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. हा माणूस इतके महिने इंजिन शोधतच नव्हता. नको म्हणायला कारण शोधत होता, आणि आज कारण संपलं होतं. हे इंजिन घेतलं की पुन्हा तीच पहाट, तोच चिखल, तोच क्लच, आणि जीप नवी होऊन त्याच्याही पुढे टिकणार. मला फार वाईट वाटलं. रागही आला, कारण हे तो दिवाळीतच बोलू शकला असता.

वहिनी त्याच्यासमोर उकिडवी बसली. “दमलात?” तिनं विचारलं.

त्यानं चिंधी खाली ठेवली. ‘नाही’ मात्र म्हणाला नाही.

वहिनी उठली, पदर खोचला आणि उस्मानभाईकडे वळली. “भाऊ, तुमी जुन्या जीपी घेता का?”

“वहिनी, काय बोलताय!” मी म्हणालो.

“भावजी, तुमी गप बसा. माझा पगार हाय, दोघांचं भागंल. गवत काय, दुसरं कोणपण आणंल.”

उस्मानभाई कधी तिच्याकडे, कधी अंबादासकडे बघत राहिला. घ्यायला आलेलं गिऱ्हाईक विकायला निघालं, असं त्यानंही फारसं पाहिलं नसावं. “अंबादासभाई, ये क्या बोलती है? देना है क्या?”

अंबादास टायरवरून उठला. मला वाटलं, बापाची आठवण निघणार आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून. पण तो म्हणाला, “पुढचा आस मागच्याच वर्षी नवा टाकलाय. तो गॅसनं कापू नका. आख्खा काढा, कोणाच्या तरी कामाला येईल.”

उस्मानभाईनं मंगळवारी माणूस पाठवून जीप ओढून न्यायची, असं ठरलं. आम्ही रिकाम्या हातानं मरोळच्या बसमध्ये बसलो. ती दोघं माझ्या पुढच्या बाकड्यावर होती.

साकीनाका मागे पडल्यावर अंबादासनं खिडकीबाहेर बघतच म्हटलं, “द्रौपदे, उद्या मला उठवू नको.”

“नाय उठवत,” वहिनी म्हणाली.