सीटवाले मुनीरभाई

मुनीरभाईंना कुणी आपली मोटारसायकल कौतुकानं दाखवायला नेली, तर ते इंजिनाकडे बघत नसत की टाकीच्या रंगाकडे बघत नसत. ते सीटवर तळहात ठेवत. पुढून मागे, मग एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सावकाश हात फिरवत, एखाद्या जागी अंगठा दाबून बघत आणि गाडी सोडून गाडीवाल्याबद्दल बोलत.

माझी त्यांची पहिली भेट अशीच झाली. मी चिखलीच्या एका शाळेत चित्रकला शिकवतो. चाळिशी ओलांडल्यावर हौसेनं साडेतीनशे सीसीची गाडी घेतली होती आणि पाय नीट टेकावेत म्हणून सीट थोडी खाली घ्यायला खामगाव रोडवरच्या त्यांच्या दुकानात गेलो होतो. त्यांनी हात फिरवला, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "सर, उजव्या वळणाले भेता काय तुमी?"

मला राग आला. पण "तुम्हाला कसं कळलं?" असं विचारून बसलो, म्हणजे कबुलीच दिली.

"फोम सांगून राह्यला ना. डाव्या कडंले दबला हाय. गाडी उजवीकडं झुकते आन् तुमी डावीकडंच लटकून राह्यता. गाडी वळते, तुमी नाई वळत."

सीटला त्यांनी त्या दिवशी कात्री लावली नाही. म्हणाले, "आयतवारी माह्यासंगं राजूर घाटात चाला. सीटचं मंग पाहू."

बुलढाणा सोडलं की रस्ता एकदम खाली उतरतो, तो राजूर घाट. त्या रविवारी मुनीरभाई आपल्या शंभर सीसीच्या जुन्या गाडीवर पुढे होते आणि मी माझ्या दणकट गाडीवर मागे. तिसऱ्या वळणानंतर मला ते दिसेनासे झाले. खाली पोचलो तेव्हा त्यांनी चहा सांगितलेला होता आणि शमीमभाबी, त्यांच्या बेगम, बाकड्यावर बसून बुरख्याच्या बाहीवरची धूळ झटकत होत्या. मी लाजलो. हा माणूस मागे बायको बसवून माझ्या पुढे निघून गेला होता!

"वळणाच्या मधात काय पाहता? जिथून बाहेर निंघायचं हाय तिथं पाहा," मुनीरभाई म्हणाले. "खड्ड्याकडं पाह्यलं त खड्ड्यातच जासान. आन् ब्रेक वळणाच्या आंधी. वळणात ब्रेक लावणं म्हंजे निकाह लागल्यावर पोरगी पाहाले जाणं."

"सरांना कायले तरास देता?" भाबी म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, "यायले सीटा समजतात. माणसं मी ओळखते म्हना. तुमी शिकसान."

मी शिकलो. सहा महिन्यांनी मुनीरभाईंनी पुन्हा सीटवर हात फिरवला, मान हलवली, आणि मग कुठे फोम कापला.

ते मूळचे उंद्रीचे. वडील पिंजारी, गावोगाव फिरून गाद्या भरायचे. "बाप लोकाईच्या झोपेची सोय करे, मी बसायची करतो," असं ते सांगत. दुकान म्हणजे पत्र्याची एक खोली. भिंतीला रेक्झिनचे गुंडाळे उभे केलेले, कोपऱ्यात फोमचे तक्ते, शिलाई मशीन, आणि सगळ्यावर चिकटवायच्या सोल्युशनचा उग्र वास. रविवारी सकाळी आम्हा गाडीवेड्यांचा अड्डा तिथेच भरे. कुणाला हँडल बदलायचं असे, कुणाला सायलेन्सर. प्रत्येकजण मोबाइलवर काहीतरी बघून आलेला असे आणि प्रत्येकाला दुसऱ्याला सल्ला द्यायचा असे. मुनीरभाई सुई ओढत ऐकत आणि शेवटी एकच प्रश्न विचारत, "चालवायची कुठं हाय?" निम्मे बेत त्या प्रश्नावरच मोडत.

प्रशांतचा मात्र मोडला नाही. आमच्यातला हा एकटाच मोटारीचा शौकीन. त्यानं पुण्याहून जुनी, दोन दरवाज्यांची लाल स्पोर्ट्स कार आणली, स्प्रिंगा बदलून ती जमिनीलगत आणली आणि शर्यतीच्या गाडीत असतात तशा खोलगट सीटा शिवून घ्यायला दुकानापुढे उभी केली. मुनीरभाईंनी खाली वाकून गाडीच्या पोटाकडे पाहिलं.

"गाडी लय सुंदर हाय. पण हे उंद्रीच्या स्पीडब्रेकरले कबूल हाय काय?"

प्रशांत हसला. पुढच्याच रविवारी त्याची गाडी त्या स्पीडब्रेकरवर पोट टेकून अडकली. चाकं जागच्या जागी गरगरायला लागली. पारावरची सहा माणसं उठून आली आणि त्यांनी गाडी अलगद उचलून पलीकडे ठेवली. सोमवारी प्रशांतनं मुकाट्यानं जुन्या स्प्रिंगा परत बसवल्या. मग मुनीरभाईंनी त्याच्या सीटा इतक्या मन लावून शिवल्या, की तो अजूनही त्या दाखवायला माणसं बोलावतो.

माझंही एक खूळ त्यांनी मोडलं होतं. गाडी देखणी दिसावी म्हणून मला मागची सीट काढून टाकायची होती. एकट्याची सीट, मागे नुसतं निमुळतं शेपूट. त्यांनी साफ नकार दिला.

"एका माणसाची गाडी मी नाई शिवत, सर. दुसरीकडं जा."

"का पण?"

"काऊन म्हंजे? रस्त्यानं कोनी भेटलं त त्याले काय सांगसान?"

दुकानात बसलेल्या भाबी तोंडाला पदर लावून हसल्या. मी तेव्हा याला जुन्या माणसाचा हट्ट समजलो.

भाबी दर रविवारी त्यांच्या मागे असायच्याच. एका बाजूला पाय सोडून बसायच्या, आणि उजवा हात सतत त्यांच्या खांद्यावर. आम्ही मागून बघायचो आणि आपसात हसायचो, की साठीला आले तरी यांचं प्रेम काही आटत नाही.

त्या गेल्या तेव्हा सगळं चार दिवसांत आटोपलं. साधा ताप म्हणून घेतलेला ताप उतरलाच नाही. चाळिसावा दिवस झाल्यावर मुनीरभाई पुन्हा रविवारी आले. गाडी पुसलेली होती. आम्ही नेहमीसारखे घाटाकडे निघालो.

मी त्यांच्या मागेच होतो. अर्ध्या घाटात माझ्यामागे टँकरचा हॉर्न वाजला. मी बाजू दिली. टँकर पुढे गेला आणि मुनीरभाईंच्या मागे हॉर्न वाजवत राहिला. ते बाजूला झाले नाहीत. उलट खड्डा चुकवायला रस्त्याच्या मधोमध आले. टँकरवाल्यानं करकचून ब्रेक दाबले, टँकर त्यांच्या कोपराला वारा लावून गेला. मुनीरभाईंची गाडी डगमगली, कडेच्या खडीत घुसली आणि कशीबशी उभी राहिली. मी धावत गेलो. त्यांचे हात हँडलवरून सुटत नव्हते.

"हॉर्न ऐकू आला नाही का?"

त्यांनी किल्ली फिरवून गाडी बंद केली. "उजवा कान गेला हाय, सर. लय वर्षं झाले. डाव्यात गाडीवर निस्ती हवाच आयकू येते."

"मग इतकी वर्षं कसे चालवत होता?"

"मांगं कान होता ना," ते म्हणाले.

मग हळूहळू त्यांनी सांगितलं. भाबींचा हात खांद्यावर असायचा तो त्यासाठी. एकदा ठोकलं, म्हणजे मागून गाडी येते आहे. दोनदा ठोकलं, म्हणजे मोठी गाडी आहे, बाजू घ्या. चिमटा काढला, म्हणजे हळू चालवा. आमच्यापैकी कुणाला कधी शंका आली नव्हती. मी आरशाचं विचारलं.

"गाडी जुनी हाय, आरशात सारं थरथरते. आन् वळणामांगचं आरशात दिसत नाई, सर. ते आयकूच येते. कानात मशीन लावून पाह्यलं, हवेत निस्ती घूं घूं करते." मग म्हणाले, "आता बंद. आजची शेवटची."

त्यांचा तो चेहरा मला बघवला नाही. मी बोलून गेलो, "मी बसतो मागे."

"तुमी? तुमची येवढी मोठी गाडी सोडून?"

"हो."

पुढचं जवळजवळ वर्षभर माझी गाडी दर रविवारी घरी राहिली आणि मी शंभर सीसीवर मुनीरभाईंच्या मागे, उजवा हात त्यांच्या खांद्यावर ठेवून. मित्रांनी आधी थट्टा केली, मग सवय झाली. त्या वर्षात मी जे शिकलो ते माझ्या गाडीवर दहा वर्षांत शिकलो नसतो. वळण येण्याआधी त्यांचा श्वास बदलायचा. वेग कमी व्हायचा तो ब्रेकनं नाही, नुसत्या मनगटानं. गाडी झुकायची तेव्हा त्यांची पाठ जराही ताठत नसे. कधी मधेच ते भाबींबद्दल काही बोलत. वाऱ्यानं शब्द फाटून यायचे. मला अर्धेच ऐकू येत, पण मी "काय?" म्हणून पुन्हा विचारलं नाही. ते माझ्याशी बोलत होते असं मला कधी वाटलंच नाही.

मग एका रविवारी मागून ट्रक आला. मी दोनदा ठोकलं. गाडी बाजूला गेली नाही. पुन्हा दोनदा ठोकलं, जोरानं, तेव्हा ती कडेला झाली. ट्रक गेल्यावर त्यांनी गाडी थांबवली.

"किती बार ठोकलं तुमी?"

"चारदा."

"मले शेवटचं येकच समजलं." त्यांनी डाव्या हातानं उजवा खांदा चोळला, दंड दाबून पाहिला. "आंधी कान गेला. आता खांदाबी बहिरा झाला."

त्यांनी किल्ली माझ्या हातात ठेवली. मी पुढे बसलो, ते मागे. दोन वळणं झाली असतील नसतील, त्यांनी माझी पाठ थोपटली. "थांबवा, सर. थांबवा."

मला वाटलं, चक्कर आली. ते उतरले आणि मागच्या सीटवर तळहात ठेवून उभे राहिले. अंगठा दाबून पाहिला. पुन्हा पाहिला.

"हे लाकूड हाय," ते म्हणाले. "फोम कवाच बसून गेला. पुढची मी चार बार शिवली. मांगची येकदाच." त्यांनी सीटवर बोटं ठोकली. "तालुकाभर सीटा शिवल्या मी, सर. माह्याच गाडीच्या मांगं कधी बसलो नाई. तीस वर्षं ती या लाकडावर बसली. बोलली नाई."

वर्षभर मीही तिथे बसलो होतो, आणि सीट टणक लागते हे मीही कधी बोललो नव्हतो. मी म्हणालो, "भाबींना आवडत होतं तुमच्या मागे बसणं."

"ते मले मालूम हाय. म्हनूनच बोलली नाई."

दुसऱ्या दिवशी त्यांनी ती सीट उसवायला घेतली. उजव्या हातात जोर नव्हता, सुई निसटत होती. मी कापून देतो म्हटलं तर हात लावू देईनात. गिऱ्हाइकांना परत पाठवत होते. पाचव्या दिवशी शाळा सुटल्यावर गेलो, तर गाडी दुकानात मोठ्या स्टँडवर उभी आणि मुनीरभाई नव्यानं शिवलेल्या मागच्या सीटवर, दोन्ही पाय एका बाजूला सोडून, भाबी बसायच्या तसे बसलेले. मला बघून ते उतरले नाहीत.

"आता बरं हाय," एवढंच म्हणाले. मी रस्त्याकडे तोंड करून उभा राहिलो.

त्यानंतर महिन्याभरातच त्यांना अर्धांगाचा झटका आला. रुबिना, त्यांची लेक, त्यांना खामगावला आपल्या घरी घेऊन गेली. ते वारले तेव्हा उंद्रीच्या कबरस्तानात त्यांना भाबींशेजारी माती दिली. आमच्या ग्रुपमधले सगळे आले होते, प्रशांतही आला होता. कुणी गाड्या वाजवत आलं नाही. गावाबाहेर उभ्या करून सगळे चालत आत गेले.

मी आजही रविवारी घाटात जातो. गाडी आता बरी चालवतो, असं लोक म्हणतात. पण घाट उतरून खाली चहाला थांबलो, की ज्यांना सांगावं असं वाटतं ते दोघंही नसतात, आणि चहा संपेपर्यंत मी उगाच रस्त्याकडे बघत बसतो.

त्यांची माझी शेवटची भेट खामगावला झाली, ते जाण्याच्या दहा दिवस आधी. खाटेवर पडून होते. जीभ जड झाली होती, पण कळत होतं. मी डाव्या बाजूला स्टूल ओढून बसलो.

"घाट... सांगा," ते म्हणाले.

मला आधी समजलं नाही. रुबिना म्हणाली, "काका, अब्बा घाटात न्या म्हनून राह्यले."

मग मी त्यांच्या चांगल्या कानाशी वाकून सुरू केलं. बुलढाणा सुटलं. पहिला उतार. डावं वळण, पुढं मोकळा रस्ता, खाली मोताळ्याकडचं रान दिसतं आहे. उजवं वळण, त्यात थोडी खडी. मुनीरभाईंनी डोळे मिटले होते. श्वास शांत झाला होता. मला वाटलं झोप लागली. रुबिना औषध घेऊन दारात उभी होती, म्हणून मी घाई केली आणि म्हणालो, "आलो आपण खाली."

त्यांनी डोळे उघडले.

"सर," ते अडखळत म्हणाले, "तीन वळणं... सोडले तुमी."

रुबिना तोंडावर हात ठेवून बाहेर गेली. मी पुन्हा वर गेलो आणि ती तिन्ही वळणं, एक एक करून, न चुकवता त्यांना सांगितली.