चाखणं म्हणजे खाणं नव्हे

नदीच्या मधोमध होडी थांबवून माझ्या भावानं, मोर्शिदीनं, मला हाक मारली, "लोंग, आपलं घर कुठल्या काठाला गं?"

होडीत चार उतारू होते. मी धक्क्यावर माझ्या विकायच्या खाऊच्या टोपलीपाशी बसले होते. मला वाटलं, नेहमीसारखी थट्टा करतोय. मी म्हणाले, "तुझ्या सासूच्या काठाला. चल मेल्या, आण होडी मुकाट्यानं." उतारू हसले. मोर्शिदी हसला नाही. त्यानं एकदा पलीकडच्या कुचिंग शहराच्या बाजाराकडं बघितलं, एकदा आमच्या वस्तीकडं बघितलं, इंजिन बंद केलं आणि वल्हं मांडीवर घेऊन बसून राहिला. तीस वर्षं हा माणूस याच दोन काठांमध्ये ये-जा करतोय. डोळे बांधले तरी धक्क्याला होडी लावील.

होडी प्रवाहाबरोबर खाली सरकायला लागली आणि खालून रेतीनं भरलेला मोठा पडाव वर येत होता. किपली म्हणून दुसरा नावाडी आहे, त्यानं आपली होडी मध्ये तिरकी घातली, मोर्शिदीच्या होडीचा दोर पकडला आणि सगळ्यांना ओढून काठाला आणलं. काठावरून मी शिव्याच देत होते. मी घाबरले की मला शिव्या सुटतात.

वर आणला तर सदरा पिळून काढावा इतका घाम. हात लटलट कापत होते. "नाव काय तुझं?" असं विचारलं तर म्हणाला, "चार." मी दुधाच्या चहात साखर घातली, मोजलीसुद्धा नाही, आणि ओतला त्याच्या घशात. पंधरा मिनिटांत माणूस ठणठणीत. मलाच विचारतो, "गर्दी कसली? कोण बुडालं?" आणि मग तासा-दीड तासानं, माझ्याच बाकड्यावर बसल्या बसल्या, पुन्हा तेच. पुन्हा घाम, पुन्हा चहा, पुन्हा ठणठणीत. माझं डोकंच चालेना.

मोर्शिदी आमचं शेंडेफळ, म्हणून तो उसू. मी थोरली, म्हणून लोंग. लहानपणापासून अंगानं दांडगा, चाळिशीत एकशे अडतीस किलो. तो मागं बसला की होडीचं नाक वर. उतारू म्हणायचे, "मोर्शिदी, तू काठावर थांब, होडी आम्ही नेतो." तो म्हणायचा, "मी उतरलो तर होडी उडून जाईल, मग मला बोल लावू नका." हसण्यावारी चाललं होतं सगळं. मग मधुमेह लागला, गुडघे गेले, झोपेत श्वास अडकायला लागला. डॉक्टर म्हणाले, पोटाचा बायपास करा. अंड्याएवढी पिशवी ठेवायची, तिला आतडं जोडायचं, बाकीचं पोट आत नुसतं पडून राहणार. मी म्हणाले, "अल्लानं दिलेल्या पोटाची काटछाट करणारे हे कोण?" त्यावर त्याची बायको रोकियाह म्हणाली, "लोंग, तुम्हाला भाऊ हवाय की भावाचं पोट?" तिच्यापुढं माझं काही चालत नाही. खरं सांगायचं तर कोणाचंच चालत नाही.

ऑपरेशन झालं. दोन वर्षांत तो ऐंशी किलोवर आला. मधुमेहाच्या गोळ्या सुटल्या. पोटाची कातडी रिकाम्या पोत्यासारखी लोंबायची, ती तो लुंगीसारख्या सारोंगमध्ये खोचायचा आणि म्हणायचा, "जुनं पोट आहे, आठवण म्हणून ठेवलंय." दवाखान्यातून तपासणीची पत्रं यायची, ती रोकियाह कपाटावर ठेवायची आणि हा तिथंच राहू द्यायचा. बरा झालेला माणूस दवाखान्यात कशाला जाईल, असं त्याचं म्हणणं. मलाही ते पटायचं.

आणि मग, पडावाच्या त्या दिवसाच्या कितीतरी आधीपासून, हे घाम सुटणं. आधी महिन्यातून एकदा, मग आठवड्यातून. लोकांनी उचलली जीभ लावली टाळ्याला. कोणी म्हणालं अंगात वारं शिरलंय. कोणी म्हणालं नजर लागली. शेजारची मालिशवाली म्हणाली, "आत पडून राहिलेल्या पोटाला भूक लागते, ते आपला वाटा मागतं." मला हे सगळ्यात खरं वाटलं. म्हणून मी त्याला आणखी थोडं द्यायला लागले.

पडावाचा तो प्रकार झाल्यावर रोकियाहनं इंजिन सुरू करायची दोरी काढून आणली आणि पेटीत कुलूपबंद केली. "होडी विकायची," ती म्हणाली. "आज किपली होता म्हणून वाचलात. उद्या चार माणसं बुडवलीत तर मी कुठल्या तोंडानं वस्तीत राहू?"

मोर्शिदी जिन्याच्या पायरीवर बसला तो दोन दिवस बसूनच राहिला. "मला दुसरं येतं काय, लोंग?" एवढंच बोलला. आजोबांची होडी, वडिलांची होडी, मग याची. नदीवरून उतरवला तर हा झुरून जाईल आणि नदीवर ठेवला तर चौघांना घेऊन बुडेल. मी रोकियाहला म्हणाले, "एकदा दवाखान्यात दाखवू. तिथं नाही म्हणाले तर विक." ती म्हणाली, "एकदाच."

डॉक्टरांनी रक्त काढलं, गोड पाणी पाजून तीन तास बसवलं, पुन्हा पुन्हा रक्त काढलं आणि आहार बघणाऱ्या बाईंकडं पाठवलं. मिस क्लोटिल्डा, डोंगरातल्या बिदायू जमातीची पोर, तिशीसुद्धा नसेल. मी बरोबर गेले होतेच. ही दोघं अर्धं सांगतात आणि अर्धं विसरतात.

"पाचिक, दिवसभरात काय काय खाता?" तिनं विचारलं. पाचिक म्हणजे काका.

"काही नाही हो. सकाळी अंडं. दुपारी मूठभर भात आणि मासा. संध्याकाळी नुसता मासा."

"गोड?"

"गोडाला शिवत नाही."

"खरं आहे," रोकियाह म्हणाली. "मी घरात साखरेचा डबाच ठेवत नाही."

मीही मान डोलावली. मनापासून डोलावली, हे लक्षात ठेवा. क्लोटिल्डानं कागद पुढून बघितले, मागून बघितले. म्हणाली, "असं खाणाऱ्या माणसाची साखर अशी आपटायला नको. मलाच कळत नाही." मला बरं वाटलं, निदान आणखी एकीला कळत नव्हतं.

मग तिनं टेबलावरचा डबा उघडून पुढं केला. सणाचा उरलेला थरांचा केक होता, हिरवा-पिवळा. आमच्याकडं डबा उघडला की तो पुढं करावाच लागतो. मी एक तुकडा घेतला, रोकियाहनं घेतला, मोर्शिदीनं घेतला, तोंडात टाकला आणि सारोंगला हात पुसले.

क्लोटिल्डाचं पेन थांबलं. "पाचिक, तुम्ही आत्ता काय केलंत?"

"कुठं काय?"

"केक खाल्लात."

"खाल्ला कुठं? चाखला. तुम्ही पुढं केलात आणि मी नाही म्हणून निघालो, तर केम्पुनान लागेल की. मला पुन्हा नदीवर जायचंय."

समोर आलेलं अन्न नाकारून निघालं की वाटेत घात होतो, हे आमच्याकडं पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक. साप चावेल, मगर ओढेल, फांदी डोक्यात पडेल. जमिनीवरचा माणूस एखाद वेळेस विसरेल, नावाडी विसरत नाही.

क्लोटिल्डा हसली नाही. "आमच्या गावातही पाळतात," ती म्हणाली. "पण दिवसाला असं किती जण पुढं करतात तुमच्यासमोर?"

मोर्शिदी बोटं मोजायला लागला. साखरपुड्याचे लाडू नेणारे. केळ्याची भजी घेऊन परतणारे. बारशाचा खाऊ. पलीकडच्या धक्क्यावरचा कॉफीवाला, तो गोड दुधाची कॉफी पुढं करतो. जाडा होता तेव्हा मेल्यांनी कधी एक भजं दिलं नाही. रोडावल्यावर सगळ्या नदीला त्याची दया आली. "मोर्शिदी, वाळलास रे, घे घे." एका हाताची बोटं संपली, दुसऱ्या हाताची संपली.

"आणि लोंगचे चेलोरोत," तो म्हणाला.

"ते किती?"

"सकाळी दोन. मग दर दुसऱ्या खेपेला एक."

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. तांदळाचं पीठ, नारळाचं दूध आणि ताडगूळ, पानाच्या सुरळीत उकडलेलं. गूळ मी सढळ हातानं घालते, म्हणून तर खपतात.

क्लोटिल्डानं समजावून सांगितलं. जोडलेल्या आतड्यात गोड एकदम उतरतं, साखर झपकन चढते, शरीर घाबरतं आणि तिला पार खाली ढकलतं. मेंदूला साखर पुरत नाही, मग माणसाला आपला काठ ओळखू येत नाही.

"थांब बाई," मी म्हणाले. "गोड खाल्लं म्हणून साखर उतरते?"

"हो."

"आणि उतरली की आम्ही गोड पाजतो. तर तो बरा होतो."

"होतो. आणि त्याच गोडानं पुन्हा पडतो."

"मग पाजायचं की नाही?"

"पडल्यावर थोडंच पाजायचं, अर्धा पेला, आणि लगेच वर अंडं नाहीतर मासा. पण मुळात पडूच द्यायचा नाही."

मी तिला तीनदा सांगायला लावलं. तीनदा मान डोलावली. आजही कोणी विचारलं तर मी एका दमात सांगू शकत नाही. औषध तेच आणि विखारही तोच, हे कुठल्या डोक्यात बसेल?

मग तिनं विचारलं, "केम्पुनान टाळायला घास घ्यावाच लागतो का? माझी आजी नुसतं बोट लावायची."

"बोट लावून ओठाला टेकवलं की झालं," मोर्शिदी म्हणाला. "सगळे तसंच करतात."

"मग तुम्ही का खाता?"

तो माझ्याकडं न बघता म्हणाला, "लोंग खायला लावते."

हे मी तोवर कोणाला सांगितलं नव्हतं. मी अकरा वर्षांची होते, उसू रांगत होता. मी आयुष्यातला पहिला चेलोरोत वळला होता, वाकडातिकडा. वडील घाईत निघाले होते. मी धक्क्यापर्यंत पळत गेले आणि पुढं केला. त्यांनी बोट लावलं, ओठाला टेकवलं, म्हणाले, "झालं." आणि गेले. दुपारी पुराबरोबर आलेल्या ओंडक्यानं होडी उलटी केली आणि वडील बुडाले. वस्ती म्हणाली, रीत तर पाळली होती बिचाऱ्यानं. मला तेव्हाच कळलं की बोटानं भागत नाही. पुढं उसू होडीवर जायला लागला, तेव्हापासून मी त्याला अख्खा खाऊ घालते. माझ्यासमोर, गिळेपर्यंत.

बोलताना मी रडले. त्या पोरीसमोर रडले याचा मला अजून राग येतो.

रोकियाहला मी कधी हळू आवाजात बोलताना ऐकलं नव्हतं. ती म्हणाली, "लोंग, ओंडक्याला काय ठाऊक, कोणी बोट लावलंय आणि कोणी घास घेतलाय?"

बरोबर असेल तिचं. पण मग मी इतकी वर्षं काय राखत बसले होते? आणि राखता राखता त्यालाच बुडवत होते की काय?

पुढचे तीन महिने किपली मोर्शिदीबरोबर होडीत बसला; दोरी रोकियाह रोज सकाळी किपलीच्या हातात द्यायची आणि रात्री पुन्हा पेटीत ठेवायची. उतारूंनी काही पुढं केलं की हा बोट लावायचा, आणि खिशात उकडलेली अंडी. पहिल्या महिन्यात घाम दोनदा आला, मग नाही. डॉक्टरांनी सांगितलं, आता एकटा जायला हरकत नाही. रोकियाहनं पेटीतून दोरी काढली आणि या वेळी मोर्शिदीच्या हातात दिली.

त्या सकाळी तो सवयीनं माझ्या टोपलीपाशी आला. पहिल्या वाफेचा चेलोरोत मी पुढं केला. त्यानं बोट लावलं, ओठाला टेकवलं.

"झालं," तो म्हणाला.

तोच शब्द. माझा हात तसाच पुढं राहिला. त्याचं तोंड उघडून अख्खा कोंबावा असं वाटलं. "अंडं खाल्लंस?" मी विचारलं. "खाल्लं," तो म्हणाला, आणि तीन उतारू घेऊन निघाला.

नदीच्या मधोमध त्यानं इंजिन बंद केलं. मी उभी राहिले. त्यानं मान वळवली आणि हाक मारली, "लोंग, आपलं घर कुठल्या काठाला गं?"

थट्टा आहे की तेच पुन्हा आलंय, मला कळेना. "मेल्या" ओठांवर आलं होतं, ते मी गिळलं. हात वर करून मी आमचा काठ दाखवला, लहान मुलाला दाखवावा तसा. तेव्हा तो खो खो हसला, उतारू हसले, आणि त्यानं दोरी ओढली.

पलीकडं पोचून त्यानं होडी बांधलेली मला दिसली. गिऱ्हाइकं आली, मी त्यांना चेलोरोत दिले. त्यानं बोट लावलेला तेवढा दिला नाही. तो परत येईपर्यंत हातात धरून बसले.