चिंधू मास्तरांचं एक वाक्य

तर काल गोष्ट कुठं अडली होती? हां, इंदूबाईनं जाडजूड डिक्शनरी टेबलावर आपटली अन् सगळ्यांच्या बशांत चहा सांडला, तिथं.

काल जे नव्हते त्यांच्यासाठी सांगतो. आर्णीजवळच्या आमच्या शाळेत इंदूबाईनं एकतीस वर्षं इंग्रजी शिकवलं. शाळेला एकशे चाळीस वर्षं झाली म्हणून स्मरणिका निघणार होती. शाळा उघडली त्या दिवशीचं गोऱ्या साहेबाचं भाषण जुन्या कपाटात सापडलं, ते बाईनं मराठीत आणलं. साहेब म्हणतो, मुलींनाही शिकू द्या ही शाळेचे पहिले शिक्षक चिंधू मास्तर यांची विनवणी फार पथेटिक होती, म्हणून मुलींचा वर्ग मंजूर करतो. बाईनं लिहिलं, 'काळजाला भिडणारी'. त्या पहिल्या वर्गात बाईची पणजी बसली होती. अन् शाळेच्या अख्ख्या दप्तरात मास्तरांचं नाव त्या एका वाक्यातच.

स्मरणिका समितीचे अध्यक्ष सदाशिवरावांनी मोबाईल पुढं केला. "पथेटिक म्हणजे भिकार, बाई! आमचा नातू आयुष दिवसातून दहादा म्हणते. साहेबानं मास्तरले शिवी देली अन् तुम्ही हार घालून राह्यल्या?"

बाईनं डिक्शनरी आपटली ती इथंच. "त्या काळी तो कौतुकाचा शब्द होता. हे पान पाहा, जुना अर्थ देला आहे. अन् शिवी देऊन कोणी वर्ग मंजूर करते काय?"

पान कोणी पाहिलं नाही. आमच्या समितीची रीतच अशी, मांडवाचा रंग असो की पंगतीतली भाजी, हात वर करून ठरवायचं.

"वाक्य काढायचं त्यांनी हात वर करा," सदाशिवराव म्हणाले.

अरे, शब्दाचा अर्थ काय मतदानानं ठरतो? पण सात हात वर गेले. खोटं कशाला सांगू, सातवा माझा होता. अजून त्या हाताची चीड येते मला.

बाई उभी राहिली. सदाशिवराव हसून म्हणाले, "रागावता कायले? तुमचं नाव पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात हाये ना!"

तेव्हा बाई जे बोलली ते शब्दन् शब्द सांगतो:

"वर्गात पोरानं हात वर केला तर मी आधी विचारत होती, धडा वाचला का? तुम्हा सातांतल्या एकानंही हे भाषण वाचलं नाही. माहं नाव कापा, खुशाल कापा. पण मास्तरले कापाल, तर ह्या भाषणातली एक ओळ मी छापू देणार नाही."