चांदणी लावलेले फोटो

माझे धाकटे दीर म्हणजे घरातले मोबाइलचे जाणकार. निदान त्यांचं स्वतःचं तसं म्हणणं. मी नवा फोन घ्यायचं ठरवलं तेव्हा जुना घेऊन ते तुळजापूरच्या एका दुकानात गेले आणि बदलून नवा घेऊन आले.

"आतलं सगळं पुसून दिलंत ना, भाऊजी?"

"वहिनी, सिम काढलंय की. आता काय ऱ्हातंय त्यात?"

थोड्याच दिवसांत माझ्या नव्या फोनात अनोळखी फोटो यायला लागले. बिर्याणीचं ताट. कुणाची तरी मोटरसायकल. मग आरशासमोर केस बसवणारा एक मिशीवाला, मागं मोबाइलच्या कव्हरांनी भरलेली भिंत. दुकानदार माझा जुना फोन स्वतःच वापरत होता आणि त्यात माझं खातं तसंच चालू होतं. त्याचे फोटो मला दिसत होते, म्हणजे माझे सगळे त्याला दिसत होते. आधार कार्ड, माझ्या ऑपरेशनचे कागद, बहिणीच्या हळदीला ओल्याचिंब साड्यांत हसणाऱ्या आम्ही बायका. त्या हळदीच्या फोटोंवर आवडत्या फोटोंची चांदणी लागलेली होती. मी ती लावली नव्हती.

दिरांना दाखवलं तर म्हणाले, "फोटोच हायेत वहिनी, लई मनावर घेऊ नका."

मी त्यांना तसंच गाडीवर बसवून दुकानात नेलं. मिशीवाला गल्ल्यावरच होता. माझा फोन त्याच्या हातात.

"या ताई, काय दाखवू?"

"मीच दाखवते," म्हणत मी त्याचा आरशातला फोटो त्याच्यासमोर धरला. त्याचा चेहरा उतरला.

"आईशप्पथ ताई, मी तुमचं काय बी बघितलं न्हाय."

"मग ह्या चांदण्या कुणी लावल्या?"

गिऱ्हाइकं थांबून ऐकत होती. मी हात पुढं केला, त्यानं मुकाट्यानं फोन दिला. तिथंच उभ्यानं मी माझं खातं काढलं, फोन मुळापासून पुसला, पासवर्ड बदलला. पुसून झालेला फोन काउंटरवर टाकला. त्याचा हात लागलेली वस्तू मला परत नको होती.

एवढा वेळ आमचे जाणकार दाराशी उभे राहून चार्जरच्या किमती विचारत होते. परत आमच्या बेंबळी गावात आल्यावर म्हणाले, "एवढ्या लोकांत बोलायला नको होतं वहिनी. माझी वळख हाय तिथं."

त्या ओळखीची मला किळस आली. मी गाडीवरून उतरले.