डावा ब्रेक

हे मी आजवर कुणापाशी बोललेलो नाही. सुजातापाशी — माझ्या बायकोपाशी — सुद्धा नाही, आणि तिच्यापासून लपवलेलं माझं दुसरं काही नाही. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. ज्याला सांगायला हवं तो माणूस माझ्या दुकानापासून गाडीने वीस मिनिटांवर राहतो. त्याच्यासमोर बसलो की माझ्या तोंडून दुसरंच काहीतरी निघतं.

मी सायकलमिस्त्री. मिरजेत नववीत शाळा सोडली आणि सायकलच्या दुकानात बसलो. सिडनीला आलो तो सुजाताच्या मागून. ती नर्सिंग शिकायला आली, मी तिचा डिपेन्डन्ट — व्हिसावर तसंच लिहिलेलं असतं. ब्लॅकटाउनमध्ये एका दुकानात काम मिळालं, पण पक्कं व्हायचं तर सर्टिफिकेट हवं, सर्टिफिकेटला लेखी परीक्षा. हातात पाना घेऊन जे मला डोळे मिटून येतं, ते पेन घेऊन इंग्रजीत सांगायचं म्हटलं की घाम फुटायचा. अजूनही फुटतो. कुणी भराभर इंग्रजी बोलायला लागलं की मी मान डोलावतो. कळलं नाही तरी डोलावतो. ही माझी जुनी खोड, आणि पुढचं सगळं तिच्यातूनच झालं. पण खोडीच्या माथी मी ते मारणार नाही.

डॉक्टर भेटले ते गिऱ्हाईक म्हणून. स्टँडवरच्या गंजलेल्या सायकलला मी मराठीत एक शिवी हासडली, तर काउंटरपलीकडून आवाज आला, "मिरज, की सांगली?"

डोळ्यांचे सर्जन. त्यांचं नाव इथे लिहीत नाही. माझी अडचण त्यांना कळली आणि पुढच्या रविवारी त्यांनी मला वेस्टमीडला घरी बोलावलं. त्यानंतर जवळजवळ दोन वर्षं, दर रविवारी, आठवडाभर लोकांच्या डोळ्यांची ऑपरेशनं करणारा तो माणूस माझ्याशेजारी बसून सायकलचं मॅन्युअल वाचायचा. शब्द अडला की रागवायचे नाहीत. "अरे मिस्त्री," म्हणायचे, "माझं आणि तुझं काम एकच. फक्त तुझं गिऱ्हाईक भूल न देता गप्प पडतं." वहिनी, म्हणजे त्यांच्या मिसेस, पोळ्या लाटता लाटता मला स्पेलिंग विचारायच्या. मी परीक्षा पास झालो. आज ब्लॅकटाउनला माझं स्वतःचं दुकान आहे ते त्या रविवारांमुळे. हे मी सगळ्यांना सांगतो, अभिमानाने सांगतो. याच्या पुढचं सांगत नाही.

मॅन्युअल त्यांनी शिकवलं, तशी सायकल मी त्यांना शिकवली. म्हणजे येत होतीच, पण घाटात उतरायचं कसं ते मी शिकवलं. ब्लू माउंटन्सच्या उतारांवर शनिवारी सकाळी जायचो आम्ही. "आधी डावा घट्ट, मग उजवा हलका." शंभरदा म्हणालो असेन. कारण इथे ऑस्ट्रेलियात, आणि आपल्याकडेही, डावा ब्रेक मागच्या चाकाचा असतो आणि उजवा पुढच्याचा. पुढचा एकदम आवळला की चाक जागीच थांबतं आणि माणूस हँडलवरून पुढे फेकला जातो. म्हणून आधी डावा. डॉक्टरांच्या हातात ते इतकं बसलं होतं की विचार करावा लागायचा नाही.

चार वर्षांपूर्वी त्यांनी जर्मनीचा बेत काढला. तिथे दोन हजार वर्षांपूर्वीची रोमन लोकांची सरहद्द आहे — कुठे मातीचा बांध, कुठे दगडी चौथरे, कुठे नुसतीच झाडीतली रेघ. तिच्या कडेकडेने आठ दिवस सायकल चालवायची. डॉक्टरांना इतिहासाचं वेड. वहिनी बॅगा घेऊन बसने, ट्रेनने पुढच्या गावी जाणार, आणि डॉक्टरांबरोबर सायकलवर कोण? मी. तिकीटसुद्धा त्यांनीच काढलं. "मेकॅनिक बरोबर असला की मी निर्धास्त," म्हणाले. मला काय वाटलं असेल? सुजाताने फोटो काढून मिरजेला पाठवला, मी एअरपोर्टवर, गळ्यात पासपोर्टची पिशवी.

सायकली भाड्याच्या होत्या. पहिल्या गावात दुपारी गेस्टहाउसच्या अंगणात एक दाढीवाला जर्मन माणूस त्या घेऊन आला. डॉक्टर आणि वहिनी आत सामान लावत होते. डॉक्टर खिडकीतून ओरडले, "मिस्त्री, नीट बघून घे रे. मी तुझ्या भरवशावर!" त्या माणसाचं इंग्रजी मला धड कळेना. घाईत होता, कागद दाखवत होता, बोटाने काहीबाही दाखवत होता. हँडलच्या डाव्या बाजूला हात लावला, मग पुढच्या चाकाला. 'लेफ्ट' आणि 'फ्रंट' हे दोन शब्द मला नीट ऐकू आले. ते तर मला येतात ना? पण मी 'यस यस' करत मान डोलावली आणि सही केली. मग टायर पाहिले, चेन पाहिली, सीट डॉक्टरांच्या उंचीला लावली. ब्रेक दोन्ही दाबले — घट्ट होते. कुठला ब्रेक कुठल्या चाकाचा ते पाहिलं नाही. माझ्या दुकानातून असं न पाहता मी एकही सायकल बाहेर सोडत नाही.

डॉक्टर खाली आले. "काय म्हणाला?"

"काही नाही. नेहमीचंच."

मला त्यांना दाखवायचं होतं की आता मला त्यांची गरज लागत नाही. एवढंच. इतक्या क्षुल्लक गोष्टीसाठी.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाव सुटलं आणि पाचच मिनिटांत, एका वळणावर, माझ्या हाताला कळलं. डावा दाबला आणि पुढचं चाक धरलं गेलं. ब्रेक उलटे. तिकडे तसेच असतात. दोन्ही सायकलींचे.

मी तेव्हाच थांबायला हवं होतं. "डॉक्टर, एक मिनिट" — तीनच शब्द. पण मग ते विचारणार, काल पाहिलं नाहीस? तो माणूस सांगत होता ते काय होतं? आणि मी काय सांगणार होतो? दोन वर्षांचे रविवार, आणि दोन साधे शब्द कळूनही मी मान डोलावली? म्हटलं, चहाला थांबू तेव्हा सांगू. चहाला थांबलो. डॉक्टर मला एका बुरुजाची पाटी वाचायला लावत होते आणि मी बरोबर वाचली म्हणून खूश होते. म्हटलं, संध्याकाळी. संध्याकाळी वहिनी भेटल्या, पाय चोळत डॉक्टरांना म्हणाल्या, "त्या रोमनांना सपाटीवर कुंपण घालता येत नव्हतं का? बस कुठेही चढावरच सोडते मला."

"अगं, शत्रू लांबून दिसायला हवा ना!"

"त्यासाठी एवढं चढायचं कशाला? तुम्हाला बॅगेतला आरसा दिला असता की."

हसलो सगळे. मी नाही सांगितलं.

आमची सायकलची वाट मात्र सपाट होती, डॉक्टर दोन्ही ब्रेक हलकेच लावत होते, काही होत नव्हतं. मनात आलं, कुणाला न सांगता बदलून टाकावेत. मग स्वतःलाच म्हटलं, आता त्यांच्या हाताला सवय झाली असेल, मध्येच बदललं तर ते जास्त वाईट. बघा कसं डोकं चालतं? खरंच असं वाटत होतं की वाटून घेत होतो — मला आज सांगता येत नाही. सायकलीवरचा दुसरा दिवसही तसाच गेला. तिसऱ्या दिवशी सकाळी नकाशात डोंगर दिसत होता. तो मी पाहिला होता.

जंगलातला उतार, खडीचा. एका पडक्या टेहळणी-चौथऱ्याजवळ डॉक्टरांनी फोटो काढले आणि पुढे निघाले. मी मागे. वळणावरून लाकडांनी भरलेली ट्रॉली घेऊन ट्रॅक्टर आला. जोरात नव्हता. एरवी काहीच झालं नसतं. डॉक्टरांनी डावा ब्रेक घट्ट आवळला — मी शिकवला होता तसा. सायकल मागून वर उचलली गेली. मला त्यांचे बूट आभाळात दिसले.

उजवं मनगट मोडलं आणि गळ्याजवळचं हाडही. शुद्धीवर होते. मी त्यांचं डोकं धरून बसलो होतो, ट्रॅक्टरवाला फोन करत होता, आणि डॉक्टर पुन्हा पुन्हा म्हणत होते, "डावा दाबला रे मी. डावाच दाबला ना?" मी म्हटलं, "बोलू नका, डॉक्टर."

इथपर्यंत तुम्ही मला कदाचित माफ कराल. म्हणाल, घाबरला, राहून गेलं, होतं असं. पण मला सांगायचंय ते याच्या पुढचं.

मनगटाचं ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी मी हॉस्पिटलमध्ये गेलो तर तिथला एक तरुण डॉक्टर, स्वतः सायकलवाला, त्यांना सहज सांगून गेला होता की ऑस्ट्रेलियाचे ब्रेक आणि इथले ब्रेक उलट असतात. डॉक्टर माझ्याकडे पाहत होते. वहिनी खुर्चीत बसल्या होत्या.

"महेश, आपले उलटे होते का?"

एरवी ते मला मिस्त्री म्हणतात.

"नाही डॉक्टर. मी पाहिले होते की. आपल्यासारखेच होते."

"नक्की?"

"नक्की."

"रागवत नाहीये रे. मला फक्त कळायला हवं. एक फोटो काढून आणशील? केबल दिसेल असा."

सायकली आम्ही आता उतरलो होतो त्या गेस्टहाउसच्या कोठारात आणून ठेवल्या होत्या. मी भर दुपारी तिथे गेलो. दार उघडं होतं, बाहेर उन्हात मालकीणबाई कपडे वाळत घालत होत्या. मी ब्रेक सैल केले, दोन्ही केबली लिव्हरमधून काढल्या आणि एकीच्या जागी दुसरी बसवली. डॉक्टरांची सायकल, मग माझीही — दोन्ही सारख्या दिसायला हव्यात ना. वीस मिनिटं लागली. हे मला सांगायलाच हवं: नेहमीसारखं नीट, नेटकं काम केलं. मग उजेडात सायकल ओढून फोटो काढला.

डॉक्टरांनी डाव्या हातात फोन धरून तो फोटो मोठा केला. केबल कुठून कुठे जाते ते बोटाने पाहत राहिले. मग फोन परत दिला.

"म्हणजे माझाच हात," म्हणाले.

वहिनींनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. "नशीब तू बरोबर होतास."

त्यानंतर दोन दिवसांनी तो दाढीवाला सायकली न्यायला आला तेव्हा अंगणात मी एकटाच होतो. त्याने सवयीने ब्रेक दाबला, खाली पाहिलं, पुन्हा दाबला. मग माझ्याकडे पाहिलं. "यू चेंज्ड इट," म्हणाला. "व्हाय नाउ?" हे इंग्रजी मला पूर्ण कळलं. मी मान डोलावली.

मनगट बरं झालं. आत प्लेट आहे, पण हाडांचे सर्जन म्हणाले, पहिल्यासारखं काम करता येईल. डॉक्टरांनी केलं नाही. त्यांच्या वडिलांना म्हातारपणी विसरण्याचा आजार झाला होता, आणि त्याची सुरुवात अशीच — उजवं-डावं चुकण्यापासून. हे मला माहीत नव्हतं. वहिनींनी नंतर सांगितलं. तपासण्या झाल्या, स्कॅन झाले, सगळं नॉर्मल. सगळ्यांनी समजावलं. मीही समजावलं! दुकानात चहा पिताना मी त्यांना म्हटलं, "डॉक्टर, कुणाचाही हात चुकतो हो." ते म्हणाले, "का चुकला ते कळलं असतं तर पुन्हा उभा राहिलो असतो. का चुकला ते ज्याचं कळत नाही, असा हात मी कुणाच्या डोळ्यात घालणार नाही."

का चुकला ते मला ठाऊक होतं. चुकलाच नव्हता. चहा होता माझ्या हातात.

आता ते घरीच असतात. गाडी वहिनी चालवतात. गॅस बंद केला का ते डॉक्टर तीन-तीनदा उठून बघतात, आणि बंदच असतो. एखादं नाव पटकन आठवलं नाही की वहीत टिपून ठेवतात, आणि वहिनी माझ्याकडे पाहतात. मी खाली पाहतो. आपलं डोकं उतरणीला लागलंय असं समजून एक धडधाकट माणूस चार वर्षं जगतोय, आणि ते त्याला पटावं म्हणून पुरावा मी तयार करून दिलाय.

हल्ली मी त्यांच्यासाठी खूप काही करतो. बागेतलं गवत कापतो, औषधं आणून देतो. वहिनी लोकांना सांगतात, पोटचा मुलगा करणार नाही एवढं महेश करतो. सुजाताला माझं कौतुक वाटतं.

गेल्या रविवारी जेवायला बोलावलं होतं. वैद्यकीय रजिस्ट्रेशन रिन्यू करायचं ईमेल आलं होतं. दर वर्षी डॉक्टर ते नुसतं करून ठेवायचे, काम करत नसले तरी. या वर्षी म्हणाले, नको आता. लॅपटॉप माझ्याकडे सरकवला. "तू वाच रे महेश, माझ्याकडून काही सुटायला नको." मी एकेक ओळ मोठ्याने वाचली, कुठेही न अडखळता. शेवटी प्रश्न होता, रिन्यू करायचं नाही हे नक्की का. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. वहिनी स्वयंपाकघरात होत्या. खोलीत आम्ही दोघंच होतो.

त्यांनी बटण दाबलं.

मग वहिनींनी पानं वाढली. मी पोटभर जेवलो.